ही चाल कुणाची?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आपली सोसायटी नोंदली गेली तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि आपले सगळ्यांचे पत्ते बदलले. माणसं मात्र तीच राहिली. जव्हारची, मोखाड्याची, कुणी शाळेतले, कुणी एसटीतले, कुणी पंचायत समितीतले. पंचवीस वर्षं एका नळाचं पाणी पिऊन आपण एकत्र राहिलो, ही काही लहान गोष्ट नाही.

समितीने मला सांगितलं, "तुम्ही भजनी मंडळात पेटी वाजवता, तर संगीतावर काहीतरी बोला." आता माझं दिवसाचं काम दुरुस्तीचं. आधी रेडिओ आणि टेप, मग टीव्ही, आता मोबाइल. सकाळी हातात सोल्डरिंगची इस्त्री आणि संध्याकाळी पेटीचा भाता. म्हणून मी असा विषय घेतला आहे, ज्यात माझी दोन्ही कामं एकत्र येतात. हातात धरून खेळायचे जे पहिले व्हिडिओ गेम आले, त्यांच्यात कोणतं संगीत वाजत होतं, ते कुठून आलं, आणि त्याचा आपल्याशी काय संबंध. वडीलधाऱ्या मंडळींनी "हा काय पोरखेळ" म्हणून उठू नये. चहा नंतरच आहे.

मुलांनो, तुमच्या हातातल्या फोनवर आज अख्खा वाद्यवृंद वाजतो. सुरुवातीला तसं नव्हतं. १९८० मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'गेम अँड वॉच' नावाची खिशात मावणारी यंत्रं काढली. गुनपेई योकोई नावाच्या त्यांच्या अभियंत्याची ती कल्पना. पडदा कॅल्क्युलेटरसारखा, आणि आवाज म्हणजे टिक-टिक, पीप-पीप. त्याला संगीत म्हणता येणार नाही. आपल्या डिजिटल घड्याळाचा गजर होता ना, तसंच ते.

मग २१ एप्रिल १९८९ ला त्याच कंपनीने जपानमध्ये 'गेमबॉय' बाजारात आणला. चार पेन्सिल सेलवर चालणारा, करड्या रंगाचा, वीटभर जाडीचा. त्याच्या आत आवाज काढायला फक्त चार वाटा होत्या. त्या चार वाटा मी सोप्या करून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पहिल्या दोन वाटांवर चौकोनी लाटेचा स्वर निघायचा. हा स्वर थोडा पोकळ, लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटच्या जवळचा लागतो. तिसऱ्या वाटेवर ३२ ठिपक्यांची एक बारकी लाट संगीतकाराला स्वतः आखता यायची. तिचा उपयोग बहुतेक वेळा खालच्या, खर्जाच्या स्वरांसाठी. चौथ्या वाटेवर नुसती खरखर. रेडिओची दोन स्टेशनांच्या मधली खरखर आठवा. तीच तुकडे करून वाजवली की ठेका होतो. झालं. एवढाच वाद्यमेळ. म्हणजे दोन क्लॅरिनेटवाले, एक खर्ज देणारा आणि एक खुळखुळेवाला.

आणि जागा किती? गेमबॉयवर जो खेळ जगभर गाजला तो 'टेट्रिस', वरून पडणारे ठोकळे रचायचा. अलेक्सी पाजितनोव नावाच्या माणसाने तो १९८४ मध्ये मॉस्कोत, तिथल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करत असताना तयार केला. गेमबॉयवर तो १९८९ मध्ये आला. चित्रं, नियम, संगीत, सगळं मिळून त्या कार्ट्रिजमध्ये जागा ३२ किलोबाइट. आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी जो गुलाबाच्या फुलाचा 'शुभ सकाळ' येतो, तो एकटा यापेक्षा मोठा असतो.

आता त्या टेट्रिसमध्ये खेळायला बसलं की यंत्र विचारायचं, संगीत कोणतं लावू? ए, बी, सी, की बंद? संगीताचं काम पाहत होते हिरोकाझु तानाका, निन्टेन्डोचेच.

'ए' म्हणजे 'कोरोबेइनिकी', एक रशियन लोकगीत. निकोलाय नेक्रासोव या कवीच्या १८६१ च्या कवितेवरून ते आलं. रशियन भाषेत 'कोरोब' म्हणजे पेटी, आणि कोरोबेइनिकी म्हणजे पाठीवर पेटी घेऊन गावोगाव कापडचोपड, फिती, मणी विकणारे फेरीवाले. आपल्या पाड्यांवर बांगड्यांची पेटी घेऊन कासार यायचा, तसे. म्हणजे ती चाल शास्त्रीय नाही, लोकांच्या तोंडची आहे. हे लक्षात ठेवा, शेवटी मला तिचा उपयोग आहे.

आणि 'सी' म्हणजे योहान सेबास्टियन बाख. जन्म १६८५, मृत्यू १७५०. जर्मनीतला चर्चचा ऑर्गनवादक आणि संगीतकार. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात त्याचं स्थान असं आहे, की जाणते त्याचं नाव घेताना कानाला हात लावतील. त्याने १७२२ च्या आसपास 'फ्रेंच सुइट' नावाच्या सहा रचना केल्या. त्यातल्या तिसऱ्या सुइटमधला 'मिनुएट' नावाचा नाच उचलून या खेळात घातला. ठोकळे पडतायत, पोरगं घामाघूम होतंय, आणि मागे बाख वाजतोय. टेट्रिसचा हा गेमबॉयवरचा खेळ तीन कोटींहून जास्त विकला गेला. म्हणजे किती कोट्यवधी मुलांच्या कानावर बाख पडला, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचं नावही माहीत नव्हतं.

आता प्रश्न असा, की अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीचं संगीत एका नव्या खेळण्यात का गेलं? मला याची तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण व्यवहाराचं. बाखला जाऊन इतकी वर्षं झाली, त्याच्या चालीला मानधन द्यावं लागत नाही. आपल्याकडेही कायदा असा आहे, की कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याची रचना सगळ्यांसाठी मोकळी होते. फुकट आणि उत्तम, असं दोन्ही एकत्र मिळालं तर कोण सोडेल?

दुसरं कारण यंत्राचं, आणि ते जास्त गोड आहे. बाखच्या काळी हार्पसिकॉर्ड नावाचं वाद्य होतं. पट्टी दाबली की आत तार छेडली जाते. जोरात दाबा की हळू दाबा, आवाज सारखाच. लहान-मोठा करता येत नाही. गेमबॉयच्या स्वरालाही बोटाचा दाब माहीत नाही. शिवाय बाखची रचना उजव्या हाताची एक ओळ आणि डाव्या हाताची दुसरी ओळ अशी चालते. दोन्ही स्वतंत्र, दोन्ही गाण्यासारख्या. या मिनुएटमध्ये बहुतेक ठिकाणी दोनच ओळी आहेत. पलीकडे यंत्राकडे काय आहे? स्वराच्या दोन-तीनच वाटा. मापाचं झाकण बसावं तशी ती रचना बसली. मोठ्या वाद्यवृंदाची रचना घेतली असती, तर अर्धं संगीत बाहेरच राहिलं असतं.

मिनुएटचा ताल तीन मात्रांचा असतो. आपल्याला ऐकायला अवघड नाही. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीन करून मनात धरा आणि ऐका, पाय आपोआप हलेल. मी पेटीवर आत्ता दोन ओळी वाजवून दाखवतो. (येथे पेटीवर वाजवून दाखवले.) मागे बसलेल्या काकांनी ताल धरला, मी पाहिलं.

तिसरं कारण चालीचं. ज्या यंत्राला आवाजाचा गोडवा नाही, तिथे चाल स्वतःच्या जोरावर उभी राहावी लागते. गायकाचा गळा बारीक असला तरी बंदिश पक्की असेल तर मैफल निभते, तसं. शेकडो वर्षं लोकांनी वाजवून, ऐकून, पारखून ठेवलेली चाल कमकुवत असायची शक्यता कमी.

या तंत्रात एक गंमत सांगतो, पेटीवाल्यांना आवडेल. पाश्चात्त्य संगीताला तीन-चार स्वर एकदम वाजायला हवेत. यंत्राच्या एका वाटेवर एका वेळी एकच स्वर निघतो. मग त्या काळच्या संगीतकारांनी युक्ती केली. ते तीन स्वर एकामागून एक इतके झरझर वाजवायचे, की कानाला ते एकत्रच वाटायचे. आपल्याला हे नवीन आहे का? तंबोरा काय करतो? चार तारा एकामागून एक छेडायच्या, आणि ऐकणाऱ्याला एकच सलग नाद ऐकू येतो. कान जोडून घेतो. तंबोऱ्याची गती संथ, यंत्राची भन्नाट, पण भरवसा दोघांचाही ऐकणाऱ्याच्या कानावरच.

मग कुणी विचारेल, बाख गेला तर आपला यमन का नाही गेला? मालकंस का नाही? याचं एक कारण उघड आहे, खेळ जपानमध्ये आणि पश्चिमेत तयार होत होते. पण दुसरं कारण आपल्या पेटीशी जोडलेलं आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती १९७१ मध्ये सैल झाली, हे भजनी मंडळातल्या जुन्या लोकांना माहीत असेल. आक्षेप काय होता? पेटीला मींड नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, स्वरांच्या मधली जागा दाखवता येत नाही. दरबारीचा गंधार हलता असतो, तो पेटीवर हलत नाही. त्या खेळण्यातल्या यंत्राचं बरंचसं असंच. एक पायरी, मग दुसरी पायरी. बाखचं संगीत पायऱ्यांवर बांधलेलं आहे, म्हणून ते जिन्याने वर गेलं. आपला राग उतारावरून वाहतो.

पण यंत्राला घसरता येतं तेव्हा काय होतं, त्याचंही उदाहरण आपल्या मुंबईत आहे. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर दहा रागांची एक रेकॉर्ड काढली. भैरव, भूपाळी, यमन, मालकंस, सगळे डिस्कोच्या ठेक्यावर. त्यांच्याकडच्या एका जपानी यंत्रात स्वरावरून स्वरावर घसरायची सोय होती. ती त्यांनी मींडेसारखी वापरली. त्या वेळी रेकॉर्ड फारशी चालली नाही. बऱ्याच वर्षांनी परदेशातल्या लोकांना ती सापडली आणि ते थक्क झाले. म्हणजे राग यंत्रात बसत नव्हता असं नाही. बसवणारा हवा होता.

आता आपल्या भागाकडे येतो. खरा गेमबॉय जव्हार-मोखाड्यात माझ्या टेबलावर क्वचितच आला. आपल्याकडे आला तो त्याचा स्वस्तातला चुलतभाऊ, 'ब्रिक गेम'. ज्याच्यावर '९९९९ इन १' असं लिहिलेलं असायचं आणि आत खेळ मोजून डझनभर. जत्रेत मिळायचा, नाशिकला किंवा ठाण्याला गेलेला मामा घेऊन यायचा. सेल घातले की छोटीशी चाल वाजायची आणि ठोकळे पडायला लागायचे. आत एक पातळ चकती, एका वेळी एकच स्वर. त्याची दुरुस्ती म्हणजे सेलच्या पट्ट्या घासणं आणि बटणाखालचं रबर बदलणं.

त्याच काळात आणखी एक वस्तू आपल्या घरांत शिरली. तिचं नाव कुणाला माहीत नाही, आवाज सगळ्यांना माहीत आहे. 'यूएम ६६'. दिसायला ट्रान्झिस्टरसारखी, तीन पाय, तैवानची बनावट. दोन सेलवर चालते. तिच्या पोटात ६४ स्वरांची जागा, आणि त्यात एकच चाल कायमची कोरलेली. दाराची बेल, उघडलं की वाजणारं ग्रीटिंग कार्ड, बाळाचं खेळणं, सगळीकडे ती. तिच्यातली सगळ्यांत प्रसिद्ध चाल म्हणजे बेथोव्हनची 'फ्यूर एलिझे'. आपल्या इमारतीतसुद्धा दोन-तीन दारांवर ती वाजायची. "ती बेलवाली ट्यून" एवढंच तिचं नाव. तैवानमध्ये तर कचऱ्याची गाडी आली की हीच चाल वाजते, आणि लोक पिशव्या घेऊन खाली धावतात. आपली घंटागाडी गाणं लावते ना, अगदी तसं.

ही चाल बेथोव्हनने १८१० मध्ये लिहिली. तो १८२७ ला गेला, आणि ती छापली गेली १८६७ मध्ये, त्याच्या मागे चाळीस वर्षांनी. 'फ्यूर एलिझे' म्हणजे 'एलिझेसाठी'. ही एलिझे कोण, यावर अभ्यासक आजही भांडतात. इतक्या दारांवर वाजलेली चाल, आणि जिच्यासाठी केली ती बाई कोण, याचा पत्ता नाही.

नंतर मोबाइल आले. नोकियाची ती रिंगटोन तर आपल्या एसटी स्टँडवर एकाच वेळी दहा खिशांत वाजायची. तीही शास्त्रीय. स्पेनचा गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा याच्या 'ग्रान वाल्स' या १९०२ च्या रचनेचा तो तुकडा. नोकियाने १९९४ पासून तो फोनमध्ये घातला. तारेगा गेला १९०९ ला. स्वतःची ओळ इतक्या लोकांच्या खिशात वाजेल, हे त्याच्या स्वप्नातही नसेल. आणि ज्यांच्या खिशात ती वाजली, त्यांच्यातल्या हजारात एकालाही तारेगा ठाऊक नसेल.

इथे माझ्या बोलण्यातला मुख्य मुद्दा येतो. चाल फार चिवट असते. तिला छोट्यात छोट्या डबीत कोंबा, खरखरीत आवाजात वाजवा, ती जगते. नाव मात्र नाजूक असतं. पहिल्याच प्रवासात ते गळून पडतं. बाख गळला, बेथोव्हन गळला, तारेगा गळला. पण त्यांचं फार बिघडलं नाही, कारण त्यांची नावं कागदावर आहेत. कुणी मनावर घेतलं, तर बेलवाल्या ट्यूनपासून बेथोव्हनपर्यंत परत जाता येतं. दुकानात एक मुलगा मला म्हणाला, "काका, ही गेमची ट्यून आहे." मी म्हटलं, "नाही रे, ही गेमने घेतलेली ट्यून आहे. मूळ वाजवून दाखवतो." तो आता आठवड्यातून दोनदा पेटी शिकायला येतो. कारण त्या चालीला परत जायला वाट शिल्लक होती.

आपल्याकडे ही वाट जपायची रीत होती. संगीत नाटकांची जुनी पुस्तकं पाहा. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ चं. तेव्हापासून नाटककार चाली सगळीकडून घेत. कर्नाटकातून घेत, लावणीतून घेत, साकी-दिंडीतून घेत, आणि गवयांच्या बंदिशींवरून घेत. पण पद छापताना वर लिहायचे, राग अमुक, ताल अमुक, 'चाल' अमुक पदाची. उसनं घेतलं, तर कुणाचं घेतलं ते वर लिहून टाकलं. आमच्या भजनाच्या वह्यांतही अजून असंच असतं. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेला तो 'चाल' शब्द मला फार मोठा वाटतो. त्यात आभारही आहेत आणि पत्ताही आहे.

आता आपल्या चालींचं काय?

आपल्या भागाचं वाद्य तारपा. वाळलेला भोपळा, खाली बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, आणि जोडायला मेण. नळीवर मोजकी छिद्रं, म्हणजे मोजकेच स्वर. वाजवणारा श्वास न तोडता तासन् तास वाजवतो. भात कापून झालं की त्याच्याभोवती फेर धरतात. चाल बदलली की पाय बदलतात. मला तर ते गेमबॉयपेक्षा मोठं आश्चर्य वाटतं. मोजक्या स्वरांत अख्खा गाव नाचवायचा. आपल्याच जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव तारप्यासाठी दूरवर पोहोचलं आहे, याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. पण त्यांच्यासारख्या एखाद्याचं नाव माहीत असतं, बाकीच्या वाजवणाऱ्यांचं काय? मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे चढवून सोंगं येतात, संबळ घुमतो. मुलं ते व्हिडिओ काढून टाकतात. खाली लिहिलेलं असतं, 'आपली संस्कृती' आणि तीन बदाम. संबळ कुणी वाजवला, ते नसतं.

कायद्याचीही गोष्ट अशीच. कायदा विचारतो, कर्ता कोण? कोरोबेइनिकीच्या बाबतीत निदान कवीचं नाव सांगता येतं. आपल्या तारप्याच्या चालीला कर्ता म्हणून कुणाचं नाव सांगणार? उद्या एखाद्या खेळात, एखाद्या जाहिरातीत ही चाल आली, तर ती आपल्याच नातवंडांना परदेशातली वाटेल. "ती गेमवाली ट्यून" म्हणतील. आणि त्यांना परत आणायला कागद नसेल.

माझ्या घरचं सांगतो. माझी आई नाचणी दळताना एक चाल म्हणायची. ती चाल माझ्या बोटांत आहे, पेटीवर कधीही वाजवीन. शब्द अर्धेच आठवतात. ती कुणाकडून शिकली, माहेरहून आणली की सासरी शिकली, हे सांगणारं आता घरात कुणी राहिलेलं नाही. चाल जगली, नाव गेलं.

हे थांबवता येतं, आणि महाराष्ट्रात लोकांनी थांबवून दाखवलं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगाव जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. आणि नुसत्या ओव्या नाहीत, कुणी गायली, कोणत्या गावची, हेही नोंदवलं. आज ती बाई नसली तरी तिच्या नावासकट तिची ओवी आहे. मोठी संस्था, मोठी इमारत लागली नाही. वही, टेप आणि चिकाटी लागली.

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने सर्वसाधारण सभेपुढे माझी एक सूचना आहे. खर्चाची नाही, खजिनदारांनी निर्धास्त राहावं. सोसायटीच्या ऑफिसात मासिक देखभालीच्या पावत्यांच्या शेजारी एक वही ठेवू या. तिचं नाव 'चालींची वही'. रकाने पाच. चाल किंवा गाणं कोणतं. कुणी म्हटलं किंवा वाजवलं. गाव कोणतं. कधी म्हणतात, लग्नात, लावणीच्या वेळी, जात्यावर, की बाळाला निजवताना. आणि ते कुणाकडून शिकले. आवाज मुलांनी फोनवर रेकॉर्ड करायचा, म्हणणाऱ्याला विचारून, त्यांची परवानगी घेऊन. नको म्हणाले तर नको. रेकॉर्ड झालेलं मेमरी कार्डवर ठेवायचं काम माझ्या दुकानाचं, ते मी आज सगळ्यांसमोर पत्करतो.

तळमजल्यावरच्या आजींपासून सुरुवात करू. त्यांच्याकडे लग्नातली गाणी आहेत, हे त्यांच्या सुनेला माहीत आहे, नातवाला नाही. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील अजून पाड्यावर राहतात. दिवाळीला गावी गेलात की तारपावाल्याकडे जा, पाच मिनिटं बसा, आधी त्यांचं नाव विचारा आणि मग रेकॉर्ड करा. क्रम एवढाच ठेवा, आधी नाव, मग चाल.

आणि आईवडिलांना एक विनंती. मुलाच्या हातात गेम दिसला की लगेच हिसकावू नका. दोन मिनिटं शेजारी बसून ऐका, आणि विचारा, "ही चाल कुणाची रे?" त्याला माहीत नसेल. तुम्हालाही नसेल. मग दोघं मिळून शोधा. कधी बाख निघेल, कधी एखादा रशियन फेरीवाला निघेल. १९८७ मध्ये जपानमध्ये कोइची सुगियामा या संगीतकाराने 'ड्रॅगन क्वेस्ट' या खेळातलं आपलं संगीत वाद्यवृंदाकडून टोकियोच्या सभागृहात वाजवून घेतलं. म्हणजे जे संगीत सभागृहातून डबीत गेलं होतं, ते डबीतून परत सभागृहात आलं. रस्ता दोन्ही बाजूंनी चालू आहे. आपल्या तारप्याची, आपल्या ओवीची चालही एक दिवस कुणाच्या तरी खेळात वाजू दे, मला आनंदच होईल. मात्र वर बारीक अक्षरात 'चाल' लिहून पुढे नाव आणि गाव लिहिलेलं असावं. तालुका जव्हार किंवा तालुका मोखाडा, जिल्हा पालघर.

वहीचं पहिलं पान मी कोरं सोडलं आहे. ज्यांना पहिलं नाव नोंदवायचं आहे, त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावं. पेन माझ्या खिशात आहे.



जय हिंद, जय महाराष्ट्र.